शेजारची वाटी

बार्शीच्या बाजारपेठेत खाली अडतीचे दुकान आणि वर बिऱ्हाड अशी जुनी घरे अजूनही आहेत. अशाच एका घरातून संध्याकाळी पाच-साडेपाचच्या सुमारास एक झाकलेली वाटी शेजारी जात असे. कधी मुगाची खिचडी, कधी राब, पावसाळ्यात गरम कढी. हे रोज घडत नसे. शेजारी कोणाला ताप आला, लेक बाळंतपणाला आली, मुलाची परीक्षा सुरू झाली, म्हणजे वाटी निघे. ती नेणाऱ्या बाईंना सारी पेठ भाभी म्हणते. घरात चौविहार, त्यामुळे सूर्यास्तापूर्वी जेवणे आटोपत. शेजारच्या गुरुजींच्या घरी तेव्हा नुकती कुठे भाजी निवडायला घेतलेली असे.

वाटी परत येई ती रिकामी नसे. गुरुजींच्या पत्नी तीत मूठभर साखर घालीत, कधी परसातली दोन लिंबे. शिजवलेला पदार्थ मात्र चुकूनही नसे. या घरी कांदा, लसूण, बटाटा वर्ज्य आहे, दिवस मावळल्यावर ताट वाढले जात नाही, हे त्यांना ठाऊक होते. आणखी काय काय चालत नाही याचा अंदाज नव्हता. साखर देण्यात चूक होण्याचा संभव नव्हता. तीस वर्षांचा हा व्यवहार कोणी वहीत मांडला असता तर एका बाजूस खिचडी आणि दुसऱ्या बाजूस साखर एवढ्याच नोंदी निघाल्या असत्या.

श्रावकाच्या बारा व्रतांत अखेरचे व्रत अतिथिसंविभाग. मुळात ते साधू-साध्वींना आहार देण्याविषयीचे असले, तरी त्यातील ‘संविभाग’ हा शब्द गृहस्थाने नीट पारखून घ्यावा असा आहे. आपल्यासाठी जे शिजले त्यातील योग्य वाटा, असा त्याचा भाव. साधूंसाठी मुद्दाम रांधलेले अन्न गोचरीत घेतले जात नाही. घराने स्वतःसाठी केलेल्या स्वयंपाकातून थोडे द्यायचे असते. म्हणजे या व्रतात पाहुण्यासाठी वेगळ्या पक्वान्नाचा थाट मुळातच बसत नाही. चार दानांत आहारदान आहे, औषधदानही आहे. आजाऱ्याच्या उशाशी पोहोचलेली मुगाची पातळ खिचडी यांतील कोणत्या दानात मोजावी, हे ठरविणे कठीण.

श्वेतांबर परंपरेतील चंदनबाळेची कथा घरोघरी ठाऊक आहे. भगवान महावीरांचा अभिग्रह 5 महिने 25 दिवस पूर्ण होईना; कौशांबीत दारोदारी उत्तम आहार पुढे केला जात होता आणि तो स्वीकारला जात नव्हता. अखेर पारणे झाले ते सुपाच्या कोपऱ्यात ठेवलेल्या उडदाच्या बाकळ्यांनी. देणारी मुलगी पायांत बेड्या घातलेली, तीन दिवसांची उपाशी, आणि ते बाकळेही तिच्याच वाट्याचे. ही घटना एका व्यापाऱ्याच्या उंबरठ्यावर घडली, याचा व्यापारी घरांना सहसा विसर पडतो. भगवान ऋषभदेवांचे पारणे हस्तिनापुरास श्रेयांसकुमाराने घडविले तेही उसाच्या रसाने. दोन्ही कथांत मेवा-मिठाई कोठेच नाही.

भाभींची खिचडी अशीच साधी. एक वाटी तांदूळ, एक वाटी सालीची मूगडाळ, आजाऱ्यासाठी तांदूळ अर्धी वाटी कमी. दोन्ही धुऊन अर्धा तास भिजवायचे. तुपात जिरे, हिंग, दोन लवंगा, हळद. मग डाळ-तांदूळ आणि सहा वाट्या पाणी. आले चालत नाही, ते कंद आहे, सुंठ चालते. ओली हळद वर्ज्य, वाळलेली मात्र डब्यात असते. या भेदाचे शेजाऱ्यांना नेहमी नवल वाटे आणि भाभी प्रत्येक वेळी तितक्याच धीराने तो समजावून सांगत. शेजारी पाठवायची खिचडी घरच्यापेक्षा पातळ ठेवावी लागते, कारण झाकणाखाली ती घट्ट होत जाते. तूप वर ओतायचे नाही, लहान वाटीत वेगळे द्यायचे. आजाऱ्याला पथ्य असले तर ते बाजूला ठेवता येते. सोबत दही पाठवीत नसत. डाळीशी कच्चे दही म्हणजे विदल. म्हणून कढी करतानाही ताक आधी तापवून मगच बेसन लावायचे. हे सारे दारात उभ्या उभ्या बोलले जाई, वाटी देता-घेता.

या घरात रात्र उलटलेले ओले अन्न खात नाहीत. उरेल इतके रांधायचे नाही आणि थोडे जास्त होणार असेल तर जेवायला बसण्यापूर्वीच एक वाटी काढून ठेवायची, हा सासूबाईंनी घालून दिलेला दंडक. आधी काढलेली वाटी शेजारी जाते. पानात उरलेले शेजारी देत नाहीत. फरक लहान दिसतो, पण घेणाऱ्याला तो झाकण उघडताच कळतो.

पुढे भाभींचे गुडघे दुखू लागले. सून शिकलेली, कामाला वाघीण. तिच्या हातून शेजाऱ्यांकडे दिवाळीला मिठाईचे खोके जाऊ लागले, सोनेरी दोरी बांधलेले. संघाच्या स्वामीवात्सल्यात या घराचा वाटा नेहमी पुढे असे, तोही वाढला. फक्त वाटी थांबली. ‘नुसती खिचडी काय पाठवायची, त्यांना काय वाटेल?’ असे सून म्हणाली, आणि भाभींनी वाद घातला नाही. व्यापाऱ्याच्या घरात द्यायचे ते शोभेसे द्यावे ही जपणूक असतेच, आणि ती वाईट नव्हे. पण शोभेचा हिशोब सुरू झाला की मंगळवारी शेजारी ताप आला आहे, ही बातमी पुढच्या दिवाळीपर्यंत पोहोचत नाही.

गेल्या मार्गशीर्षात शेठजी गेले. दुपारी तीनच्या सुमारास मंडळी स्मशानातून परतली. चूल पेटलेली नव्हती. नातेवाईक निम्मे वाटेत होते. संघातून जेवण येणार होते, पण निरोप घेणाऱ्याचा आणि देणाऱ्याचा कुठेतरी घोटाळा झाला. मार्गशीर्षातला दिवस लहान. सहाच्या आत काही पोटात गेले नाही तर हे घर दुसऱ्या दिवशी सकाळी नवकारसीपर्यंत तसेच राहणार, हे त्या गर्दीत कोणाच्या ध्यानी नव्हते.

पाच वाजता गुरुजींच्या पत्नी जिना चढून आल्या. हातात झाकलेले पातेले, फडक्यात गुंडाळलेल्या ज्वारीच्या भाकरी. शोकाच्या घरी पिठले-भाकरी न्यावी ही त्यांच्याकडची रीत. पण पातेले त्यांनी लगेच खाली ठेवले नाही.

“भाभी, कांदा-लसूण नाही घातलं. आलंही नाही, हिंग-जिऱ्याचीच फोडणी आहे. कढई नवी काढली. पिठल्यात ताक नाही, तेव्हा विदलाचा प्रश्न नाही. दिवस आहे तोवर दोन घास खाऊन घ्या.”

भाभींनी सकाळपासून कोणाशी शब्द काढला नव्हता. त्यांनी वर पाहिले आणि म्हणाल्या, “तुम्हाला विदल ठाऊक आहे?”

“तीस वर्षं तुमच्या दारात उभी राहिले की, भाभी.”

सुनेने पाने घेतली. मुले जेवली, सून जेवली, भाभींनी अर्धी भाकरी खाल्ली. त्या घरी शेजारचे शिजवलेले अन्न पानात पडण्याची ती पहिली वेळ.

पातेले घासून आठवडाभर खिडकीत पालथे होते. भेटायला येणाऱ्यांची रीघ ओसरल्यावर सुनेने ते उचलले आणि परत द्यायचे म्हणून साखरेचा डबा काढला. भाभी पलंगावर बसून होत्या. त्यांनी नुसता हात हलवून तिला थांबवले, आणि मूगडाळ कोणत्या फळीवर आहे ते सांगितले.