बदाम, ग्लुकोज आणि बी-१२

मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के असते, पण स्वस्थ बसलेल्या माणसाच्या ऊर्जेपैकी सुमारे २० टक्के ऊर्जा हा एकच अवयव वापरतो. मेंदूतले संदेश वाहणारी सेरोटोनिन, डोपामिन यांसारखी रसायने अन्नातून आलेल्या अमिनो आम्लांपासून तयार होतात. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि त्यांच्याच आधारावर एक लोकप्रिय मत उभे आहे. भिजवलेले बदाम खाल्ले की स्मरणशक्ती वाढते, पेपरला जाताना ग्लुकोज घेतले की डोके चालते, केळ्यात सेरोटोनिन असल्यामुळे ते खाल्ल्यावर मन प्रसन्न होते आणि साखर खाल्ली की पोरे उधळतात, असे या मताचे म्हणणे. चुलीत लाकूड सरकवले की ज्वाळ वाढते, तसा हा हिशेब आहे. आधार खरे असले, तरी त्यांवरून काढलेला निष्कर्ष टिकत नाही.

ग्लुकोजपासून सुरुवात करता येईल. मेंदूला दिवसाला १०० ते १२० ग्रॅम ग्लुकोज लागते. मात्र रक्तातली त्याची पातळी यकृत आणि स्वादुपिंड मिळून राखतात. जेवणानंतर साखर वाढली की इन्शुलिन ती आवरते, घटली की यकृत साठ्यातून भर घालते. निरोगी मुलाने सकाळी पोहे खाल्ले असतील, तर वरून घेतलेल्या ग्लुकोजच्या पुडीमुळे मेंदूच्या वाट्याला काही वेगळे येत नाही. २०१९ मध्ये ३१ प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला. त्यात साखर किंवा अन्य कर्बोदकांनी मनःस्थिती सुधारल्याचे कोठेच दिसले नाही. उलट पहिल्या तासात थकवा वाढलेला आणि सावधपणा घटलेला आढळला. इन्शुलिन घेणाऱ्या मधुमेह्याची साखर एकाएकी उतरली, तर मात्र तीच पुडी जीव वाचवते. पण ती आणीबाणी झाली.

केळ्यात सेरोटोनिन असते, हे खरे. पण रक्त आणि मेंदू यांच्यामधला अडसर ते ओलांडत नाही. ओलांडते ते ट्रिप्टोफॅन, ज्यापासून मेंदू स्वतःचे सेरोटोनिन बनवतो. त्यालाही इतर अमिनो आम्लांशी एकाच वाहकासाठी स्पर्धा करावी लागते. जवळपास निव्वळ कर्बोदकांचे जेवण घेतले, तर इन्शुलिन ही इतर आम्ले स्नायूंकडे वळवते आणि ट्रिप्टोफॅनची वाट मोकळी होते. फर्नस्ट्रॉम आणि वर्टमन यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी उंदरांवर हे दाखवले. अडचण अशी की, जेवणात थोडी जरी प्रथिने असली तरी हा परिणाम पुसला जातो. वरणाशिवाय, दह्याशिवाय, शेंगदाण्याशिवाय रोज जेवणारे घर शोधूनच काढावे लागेल.

साखरेने मुले उधळतात, या समजुतीचा निकाल तर फार गमतीदार रीतीने लागला. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हूवर आणि मिलिच यांच्या प्रयोगात सर्व मुलांना कृत्रिम गोडी घातलेले, म्हणजे साखर नसलेले पेय दिले होते. निम्म्या आयांना मात्र मुलाला भरपूर साखर दिल्याचे सांगण्यात आले. त्या आयांना आपली मुले अधिक चळवळी वाटली. त्या मुलांच्या अधिक जवळ राहिल्या, त्यांना अधिक टोकत राहिल्या. पेयाने काहीच बदलले नव्हते. जे बदलले ते आयांच्या नजरेत. बदामाबद्दल एवढेच सांगता येते की तो चांगला पौष्टिक पदार्थ आहे. पोटभर जेवणाऱ्या मुलाची बुद्धी चार बदामांनी वाढल्याचा भरवशाचा पुरावा नाही.

याचा अर्थ आहाराचा मनावर परिणाम होत नाही असा कोणी काढला, तर तो याहून मोठा घोटाळा ठरेल. परिणाम होतो, आणि तो जबर असतो. मात्र त्याचे मुख्य कारण कमतरता हे आहे. १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा येथे अॅन्सेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवले. ते चिडचिडे, उदास आणि उदासीन झाले; त्यांच्या बोलण्यात आणि स्वप्नांत अन्नच येऊ लागले. आयोडीन कमी पडले तर गर्भातल्या मेंदूचीच वाढ खुंटते, म्हणून मिठात आयोडीन आले. हैदराबादच्या आसपास जवळजवळ केवळ ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांत पेलाग्रा हा रोग आढळे, आणि त्यात त्वचेबरोबर मनही बिघडे. दोष भाकरीचा नव्हता. ताटात भाकरीखेरीज दुसरे काही नसणे, हे दुखणे होते.

महाराष्ट्रापुरता पाहिला, तर हा प्रश्न बी-१२ आणि लोह यांच्यावर येऊन थांबतो. बी-१२ वनस्पतींत मिळत नाही. शाकाहारी माणसाला ते दूध-दह्यातूनच मिळते, आणि तेही बेताचे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या चमूला मध्यमवयीन पुरुषांपैकी सुमारे दोन-तृतीयांशांत ते कमी आढळले. याच चमूच्या दुसऱ्या अभ्यासात, गरोदरपणी बी-१२ कमी असलेल्या मातांची मुले नऊ वर्षांची झाल्यावर अवधान आणि तात्पुरत्या स्मृतीच्या चाचण्यांत मागे पडलेली दिसली. प्रौढांत ही उणीव हातापायांना मुंग्या येणे, विसराळूपणा, खिन्नता अशा रूपांनी येते आणि बहुधा वयाच्या किंवा स्वभावाच्या खात्यावर टाकली जाते. मधुमेहासाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत तिचा धोका आणखी वाढतो.

लोहाची कथा वेगळी नाही. डोपामिन आणि सेरोटोनिन घडवणाऱ्या विकरांना लोह लागते, म्हणून हिमोग्लोबिन घसरण्याआधीच थकवा येऊ शकतो. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या फ्रान्समधल्या एका चाचणीत रक्तक्षय नसलेल्या, पण लोहाचा साठा कमी असलेल्या १९८ महिला होत्या. १२ आठवड्यांनंतर लोह घेणाऱ्यांचा थकवा जवळपास निम्म्याने उतरला. लटकी गोळी घेणाऱ्यांचाही उतरला, पण बराच कमी. भारतात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के महिलांत रक्तक्षय आहे, असे २०१९-२१ चे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगते. त्यातला सगळा लोहाच्या उणिवेने होतो असे नाही, तरी मोठा वाटा तिचाच. जेवणावर लगेच घेतलेला चहा लोहाचे शोषण अडवतो, आणि तरतरीसाठी पुन्हा चहाच घेतला जातो.

कमतरता हेच मुख्य कारण, या म्हणण्यावर एक आक्षेप येतो. २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियात फेलिस जॅका यांनी नैराश्याच्या ६७ रुग्णांवर केलेल्या चाचणीत, आहार सुधारलेल्या गटातले सुमारे एक-तृतीयांश लोक बरे झाले. केवळ भेटीगाठी मिळालेल्या गटात हे प्रमाण ८ टक्के होते. हा निकाल मोलाचा आहे. मात्र आपण काय खातो हे रुग्णांना ठाऊक होते, आणि सुधारलेल्या आहारात डाळी, भाज्या, मासे, तेल असे सगळेच होते. एकाच पदार्थाचा विजय त्यातून सिद्ध होत नाही. उलट २०१९ मध्ये युरोपात वजन जास्त असलेल्या हजाराहून अधिक प्रौढांना वर्षभर पूरक पोषक द्रव्ये देऊन पाहिली, तेव्हा नैराश्य टळले नाही. त्या चाचणीत उणीव पाहून माणसे निवडलेली नव्हती. बी-१२ चे इंजेक्शन तरतरीसाठी सरसकट मागणाऱ्यांनाही हाच निकाल लागू पडतो: ज्याच्या रक्तात ते पुरेसे आहे, त्याला त्याचा उपयोग नाही, आणि ज्याच्या रक्तात नाही, त्याने उशीर केला तर मज्जातंतूंचे काही नुकसान कायमचे राहते.