भरती आल्यावर पक्षी कुठे जातात?

लक्ष्मीपूजनाच्या अमावास्येला ठाणे खाडीत उधाण असतं. सारसोळे, दिवाळे, वाशीगावच्या कोळ्यांना ते कुणी सांगावं लागत नाही. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, हे गणित त्यांच्या हाडात असतं. नोव्हेंबरपासून इथे उतरू लागणारे फ्लेमिंगोही याच गणितावर जगतात. ओहोटीला खाडीचा चिखल उघडा पडला की चोच उलटी करून पाणी गाळत ते चरतात. भरती चढली की चिखल बुडतो. मग थव्यांना तासन् तास उभं राहायला उथळ पाणी लागतं आणि ते नवी मुंबईच्या पाम बीच रस्त्याच्या बाजूला येतात. नेरुळचा डीपीएस तलाव, एनआरआय संकुलामागची पाणथळ, टी. एस. चाणक्यजवळचं पाणी, उरणकडचं पाणजे. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं आणि २०२२ मध्ये खाडीला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. पण भरतीच्या वेळी पक्षी ज्या तळ्यांवर विसंबतात ती अभयारण्याच्या हद्दीबाहेर आहेत.

यंदाचा दिवाळी अंक आम्ही वन्यजीव आणि पर्यावरणाच्या वार्तांकनाला वाहिला आहे. देशोदेशी हिंडून पाणी, जंगल, पक्षी यांच्याविषयी लिहिणाऱ्यांना आम्ही बोलतं केलं. सुरुवात मात्र नेरुळपासून करतो, कारण आमच्या घराजवळच्या या तळ्यांनी आम्हाला या विषयाकडे ओढलं.

एप्रिल २०२४ मध्ये डीपीएस तलावावर फ्लेमिंगो मरू लागले. भरतीचं पाणी आत आणणाऱ्या वाटा बुजल्या होत्या. आमच्या आगरी शेजाऱ्यांकडे अशा वाटेला उघाडी म्हणतात. खारबांधाची उघाडी राखणं हे एके काळी गावाचं सामायिक काम होतं, कारण ती बिघडली तर खाजण बिघडतं हे सगळ्यांना माहीत होतं. तलावात पाणी येईना आणि जाईना. होतं ते आटलं, कुजलं, वर शेवाळाचा थर आला. काठावर उभं राहिलं तर वास सहन होत नव्हता. थव्यातला एखादा पक्षी पाय मुडपून बसलेला दिसे, मान वर उचलू पाही आणि ती पुन्हा खाली जाई. मग कॅमेरे आले, बातम्या आल्या. पुढच्याच महिन्यात, २० मेच्या रात्री, दुबईहून मुंबईत उतरणाऱ्या विमानाला थवा धडकला आणि जवळपास चाळीस फ्लेमिंगो घाटकोपरमध्ये मरून पडले. ती बातमी जगभर गेली.

आमचं म्हणणं इथेच आहे. आपल्याकडे पर्यावरणाची बातमी प्रेत पडल्यावर येते. उघाडी बुजली त्या दिवशी बातमी नव्हती. ती बुजलेली राहिली त्या आठवड्यांतही नव्हती. पाणी अडल्याचं दिसायला प्रयोगशाळा लागत नाही. भरतीच्या वेळी जाऊन उभं राहिलं तरी पुरतं. पण त्यासाठी कुणीतरी पुन्हा पुन्हा जायला हवं, आणि वर्तमानपत्रांत असं जाणं कुणाच्याही कामात धरलं जात नाही.

मग जगभर हिंडणाऱ्या वार्ताहराचा उपयोग काय? आमच्या मते फार मोठा आहे. टांझानियातल्या नॅट्रॉन सरोवराचं उदाहरण घ्या. जगातले सुमारे तीन चतुर्थांश छोटे फ्लेमिंगो या एका जळजळीत खाऱ्या सरोवरात जन्मतात. तिथे सोडा ॲशचा कारखाना काढण्याची योजना पुढे आली, आणि त्यात भागीदार होती आपल्या मुंबईची टाटा केमिकल्स. जगभरच्या पक्षीसंस्थांनी आणि पत्रकारांनी कारखाना उभा राहण्याआधी आवाज उठवला आणि कंपनीने माघार घेतली. एकही पिल्लू मरण्याआधी ही बातमी झाली होती. दुसरं उदाहरण दक्षिण आफ्रिकेतल्या किंबर्लीचं. तिथल्या कॅम्फर्स डॅममध्ये फ्लेमिंगोंसाठी २००६ मध्ये कृत्रिम बेट बांधलं, पक्ष्यांनी तिथे घरटी केली, सगळ्यांना आनंद झाला. त्या पाण्याची भिस्त शहराच्या सांडपाणी केंद्रावर होती. केंद्राची दुरवस्था झाली, पाणी बिघडत आणि आटत गेलं, आणि २०१९ च्या सुरुवातीला आईबापांनी टाकलेली शेकडो पिल्लं माणसांना उचलावी लागली. किंबर्लीची हकीकत वाचणाऱ्याला नेरुळची उघाडी बुजलेली पाहून काय होणार हे कळायला वेळ लागत नाही. दूरच्या वार्तेचं काम हेच आहे.

आपल्या दिवाळी अंकांनी हे काम पुरेसं केलेलं नाही. का. र. मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी वाचकाला दिवाळीत जग पाहायची सवय आहे. प्रवासवर्णनं आपण भरभरून छापतो. केनियात जाऊन आलेला माणूस सिंह किती दिसले, बिबट्या झाडावर कसा होता हे रंगवून लिहितो. त्या अरण्याला पाणी देणाऱ्या नदीच्या वरच्या अंगाला काय चाललं आहे हे क्वचितच विचारतो. आणि घराजवळच्या पक्ष्याबद्दल तर ऐकीव माहिती चालवली जाते. आमच्या शहरातले फ्लेमिंगो सैबेरियातून येतात हे अजूनही कानावर पडतं. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने २०२२ मध्ये ठाणे खाडीतल्या काही फ्लेमिंगोंना उपग्रहाशी जोडलेले टॅग लावले. त्यातल्या एकाचं नाव हुमायून, आणि एकाचं चक्क नवी मुंबई. हुमायून इथून निघाला तो गुजरातच्या किनाऱ्यावर पोहोचला. म्हणजे आपल्या वार्ताहराला सैबेरियाचं नव्हे, भावनगर आणि कच्छचं तिकीट काढायला हवं.

जून २०२५ मध्ये मारुती चितमपल्ली गेले. वनखात्यातल्या नोकरीची दशकं त्यांनी रानात काढली आणि तिथलं ज्ञान आदिवासींकडून, पारध्यांकडून, जुन्या संस्कृत ग्रंथांतून गोळा करून मराठीत आणलं. लातूरला राहणारे अतुल देऊळगावकर किल्लारीच्या भूकंपापासून जगभरच्या हवामान परिषदांपर्यंतचे प्रश्न मराठी वाचकापुढे मांडत आले आहेत. एकाने एका भूभागाची नोंद आयुष्यभर ठेवली, दुसऱ्याने गावचा दुष्काळ जगाच्या हवामानाशी जोडला. या दोन्ही रीती मराठीत आहेत. त्यांच्यामागून चालणारी तरुण माणसंही आहेत. त्यांना प्रवासखर्च आणि मानधन देणारे संपादक कमी आहेत. हा दोष आमच्या धंद्याचा आहे आणि तो आम्हीच दूर करायला हवा.

एक चांगली गोष्ट घडली. एप्रिल २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने डीपीएस तलावाला संवर्धन राखीव क्षेत्र करायला मान्यता दिली. ज्या नागरिकांनी निवेदनं दिली, मानवी साखळ्या केल्या, वर्षानुवर्षं सरकारी कचेऱ्यांचे जिने चढले, त्यांचं हे यश आहे. बाकीची तळी मात्र अजून तशीच आहेत. एनआरआय आणि चाणक्यच्या पाणथळींवर गोल्फ कोर्सचा वाद उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेला. आणि ८ ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं. भरतीच्या वेळी बसायच्या जागा गेल्या तर हे थवे दुसरीकडे जागा शोधतील आणि विमानांना धोका वाढेल, असा इशारा पक्षीअभ्यासकांनी आधीच दिलेला आहे. त्यामुळे तळी राखणं हा पक्षीप्रेमींचा छंद म्हणून बाजूला सारता येणार नाही. त्यात विमानातल्या माणसांच्या जिवाचाही प्रश्न आहे.

म्हणून वाचकांकडे एक मागणं आहे. नोव्हेंबर ते मे या काळात, दर अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे, भरतीच्या वेळी आपल्या जवळच्या तळ्यावर जा. पाणी आत येतं का, ओहोटीला बाहेर जातं का, पक्षी बसलेत का, एवढंच पाहा. तारीख, वेळ आणि एक फोटो आम्हाला पाठवा. एकही पक्षी मेलेला नसेल तरी पाठवा. तीच नोंद आम्हाला जास्त हवी आहे. पुढच्या दिवाळी अंकाची आठ पानं या नोंदींसाठी राखून ठेवली आहेत.