आश्रयदाते पाहिजेत

ज्या घरांतील एखादा मुलगा अगर सून संगणकाच्या व्यवसायांत आहे, त्या घरांत 'प्रायोजक' हा शब्द अलीकडे वरचेवर कानीं पडूं लागला आहे. आणि असें घर आतां आपल्या वाचकवर्गांत शोधावें लागत नाहीं. कोणाला पुण्यांत मुक्त सॉफ्टवेअरचें संमेलन भरवावयाचें असतें, कोणाला बंगळुरास पायथॉन भाषेची परिषद. वक्ते ठरतात, स्वयंसेवक जमतात, पत्रकें निघतात. अडतें तें एकाच ठिकाणीं. सभागृहाचें भाडें, तीन-चारशें माणसांचा चहा व जेवण, परगांवच्या वक्त्यांचा प्रवास, ह्यांस पैसा कोण देणार? पूर्वीं आपण ज्यांस आश्रयदाते म्हणत असूं, त्यांचेंच हें नवें नांव. ह्या महिन्यांत त्यांच्याविषयीं लिहिण्याचें योजिलें आहे.

वडीलधाऱ्या मंडळींसाठीं प्रथम हा मामला काय आहे तें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. जें सॉफ्टवेअर कोणींहि विनामूल्य घ्यावें, त्याची घडण उघडून पाहावी, तींत सुधारणा करावी आणि पुढें दुसऱ्यास द्यावें, अशी मोकळीक कर्त्यानेंच परवान्यांत लिहून ठेवलेली असते, त्यास मुक्त म्हणतात. फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स ह्या विद्यार्थ्यानें 1991 सालीं लिनक्सचा आरंभ केला. त्याच वर्षीं गिडो व्हान रॉसम ह्या डच गृहस्थानें पायथॉन ही भाषा जगापुढें ठेवली. आपल्या हातांतील अँड्रॉइड मोबाइलच्या मुळाशीं लिनक्सच आहे; संगणकावर मराठी वाचतांना पुष्कळांच्या डोळ्यांपुढें येणारा 'लोहित' हा देवनागरी टंकहि मुक्त परवान्याचाच. हें सर्व रचणारीं माणसें देशोदेशीं विखुरलेलीं असतात आणि एकमेकांस बहुधा पत्रव्यवहारांतूनच ओळखतात. वर्षांतून एकदां तीं समोरासमोर आलीं म्हणजे सहा महिने रेंगाळलेला वाद चहाच्या पेल्यावर मिटतो, आणि एखाद्या नवख्या विद्यार्थ्याची अडचण कोणी जाणता शेजारीं बसून सोडवितो. संमेलनाचें खरें काम हें. व्याख्यानें हें त्याचें निमित्त.

अशीं संमेलनें स्वस्तांत भरवावीं ही कल्पना कांहीं आपल्याकडची नव्हे. अमेरिकेंत 1997 पासून ओराइली ह्या प्रकाशनसंस्थेची पर्ल भाषेची परिषद भरत असे. तिचें शुल्क विद्यार्थ्याच्या खिशास झेपणारें नव्हतें. तेव्हां केव्हिन लेन्झो यांनीं 1999 सालीं पिट्सबर्ग येथील कार्नेगी मेलन विद्यापीठांत, 'आणखी एक पर्ल परिषद' असें विनोदी नांव देऊन, अल्प शुल्काची निराळी परिषद भरविली. ब्रुसेल्स शहरीं 2001 पासून भरणारें फॉसडेम हें संमेलन तर ह्याच्याहि पुढें गेलें. तेथें प्रवेशशुल्क नाहीं, नांवनोंदणीहि नाहीं. महामारीचीं दोन वर्षें सोडल्यास दर हिंवाळ्यांत हजारों माणसें येऊन जातात. विद्यापीठाची जागा मिळते, राबणारे सारे स्वयंसेवक असतात, आणि उरलेला खर्च आश्रयदाते व लहान देणग्या यांतून भागतो. आमच्या शहरांतील विद्यापीठांनीं आपले दिवाणखाने सुटीच्या दिवशीं इतक्या सढळपणें उघडले, तर ह्या लेखाचा अर्धा भाग लिहावाच लागला नसता.

भारतांत ह्या प्रकारच्या कार्याचें स्मरण करतांना अतुल चिटणीस यांचें नांव प्रथम घेतलें पाहिजे. वडील भारतीय, आई जर्मन, जन्म 1962 सालीं बर्लिनमध्यें, आणि शिक्षण आपल्या बेळगांवांत. 1996 सालीं 'पीसी क्वेस्ट' मासिकानें अंकाबरोबर लिनक्सची तबकडी वाचकांच्या घरोघरीं पोंचविली, त्या उपक्रमांत त्यांचा पुढाकार होता. 2001 सालीं बंगळुरास 'लिनक्स बंगलोर' हें संमेलन सुरू झालें. 2005 पासून त्याचें नांव 'फॉस डॉट इन' झालें. आशियांतील अशा मोठ्या संमेलनांत त्याची गणना होत असे आणि परदेशचे नामांकित रचनाकार तेथें येत. 2011 सालीं तें भरलें नाहीं, 2012 सालचें शेवटचें ठरलें, आणि 3 जून 2013 रोजीं चिटणीस कर्करोगानें निवर्तले. ज्या शहरांत संगणककंपन्यांच्या इमारतींची रांगच्या रांग उभी आहे, त्या शहरांत अकरा वेळां भरलेलें संमेलन पुढें चाललें नाहीं, ही गोष्ट आम्हांस अजून बोंचते.

कंपन्या कृपण आहेत, असें म्हणून मोकळें होणें सोपें आहे. आमचें मत तसें नाहीं. अडचण त्यांच्या तिजोरींत नसून खतावणींत आहे. विकत घेतलेल्या मालाचें बिल येतें व तें कोणत्या खात्यावर टाकावयाचें तें मुनिमास ठाऊक असतें. फुकट मिळालेल्या मालाचें बिल येत नाहीं, म्हणून त्याचें खातेंहि नसतें. ज्या अभियंत्याचें रोजचें काम मुक्त सॉफ्टवेअरवर चालतें, त्याला पांच हजार रुपये देण्याचाहि अधिकार नसतो. आणि ज्याच्या हातीं पैसे असतात, त्या जाहिरातीच्या वा नोकरभरतीच्या अधिकाऱ्यास लिनक्स म्हणजे काय तें ठाऊक असण्याचें कारण नसतें. तो आपला साधा प्रश्न विचारतो: "ह्यांतून आम्हांस काय मिळेल?" हा प्रश्न उर्मटपणाचा नव्हे, त्याला वर्षअखेर हिशेब द्यावयाचा असतो.

ह्या निनांवी खात्यामुळें काय होतें त्याचा दाखला 2014 सालीं साऱ्या जगानें पाहिला. बँकांपासून दुकानांपर्यंतचे गुप्त व्यवहार ज्या ओपन-एसएसएल ह्या मुक्त सॉफ्टवेअरच्या कुलुपांत सुरक्षित असत, त्यांत मोठें छिद्र निघालें. तेव्हां कळलें कीं, त्या कामास देणग्यांच्या रूपानें वर्षाकाठीं अवघे 2,000 डॉलर मिळत होते! मग मात्र त्याच महिन्यांत बड्या कंपन्यांनीं एकत्र येऊन निधि उभारला. तहान लागल्यावर विहीर खणण्याची रीत आपल्याच गांवची आहे असें आपणांस उगीच वाटत असतें.

पुष्कळांस वाटेल, सामाजिक उत्तरदायित्वाचा पैसा असतोच, तो कां मागूं नये? 2013 च्या कंपनी कायद्याप्रमाणें ठराविक मर्यादेवरील कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे 2 टक्के समाजकार्यास खर्चावे लागतात, हें खरें. पण 2021 सालीं दुरुस्त झालेल्या नियमांत स्पष्ट लिहिलें आहे कीं, आपल्या मालाची वा सेवेची प्रसिद्धि साधण्यासाठीं दिलेला आश्रय ह्या खर्चांत धरावयाचा नाहीं. म्हणजे गंमत पाहा: संमेलनवाले कंपनीस देऊं शकतात ती एकच वस्तु, मंडपावरील नांवाची पाटी, आणि ती घेतली कीं हा दरवाजा बंद! पाटी घ्यावी तर जाहिरातीच्या खात्याकडे जावें, आणि त्या रकमेवर 18 टक्के वस्तु व सेवा कर येतो. परदेशची देणगी घ्यावी तर 2010 च्या परकीय देणगी कायद्याखालीं नोंदणी अगर पूर्वपरवानगी पाहिजे, आणि 2020 च्या दुरुस्तीनंतर ती रक्कम स्टेट बँकेच्या नवी दिल्लींतील मुख्य शाखेच्या खात्यांतच उतरली पाहिजे. चार तरुणांनीं रविवारीं जमून हें सारें संभाळावयाचें! परदेशांतील मोठ्या संस्थाहि सदा साह्य देऊं शकतात असें नाहीं. पायथॉनच्या अमेरिकेंतील प्रतिष्ठानाचा मुख्य आधार पूर्वीं त्यांची स्वतःची वार्षिक परिषद हाच असे. 2020 सालीं महामारीमुळें तिचा मेळावा रद्द झाला. आणि देशोदेशींच्या लहान परिषदांना ज्यांतून अनुदान मिळे, तो त्यांचा उपक्रम 2025 च्या ऑगस्टांत त्या वर्षाची तरतूद संपल्यामुळें थांबवावा लागला.

आतां आश्रयाच्या अटींविषयीं. सुवर्ण, रौप्य, कांस्य अशा पायऱ्या लावून दर ठरविण्याची चाल सर्वत्र आहे, आणि तींत आम्हांस कांहीं गैर दिसत नाहीं. 1920 सालीं सर विठ्ठलदास ठाकरसी यांनीं कर्व्यांच्या महिला विद्यापीठास 15 लाखांची देणगी दिली व विद्यापीठानें त्यांच्या मातोश्रींचें नांव धारण केलें; त्यामुळें विद्येस कमीपणा आला असें कोणी म्हणत नाहीं. नांव द्यावें, पिशवीवर द्यावें, सदऱ्यावर द्यावें, भोजनाच्या मंडपास द्यावें. परंतु दोन वस्तु मात्र विकूं नयेत. एक व्यासपीठ: पैसे दिले म्हणून कोणाच्या मालाची तासभर स्तुति श्रोत्यांनीं ऐकावी, हें होऊं लागलें कीं जाणते लोक दुसऱ्या वर्षीं येत नाहींत, आणि जाणते आले नाहींत कीं तिसऱ्या वर्षीं आश्रयदाताहि येत नाहीं. दुसरी वस्तु, आलेल्यांच्या नांवांची व दूरध्वनींची यादी. ती पाहुण्यांची ठेव आहे. 2023 च्या वैयक्तिक माहितीविषयक कायद्याचा रोंखहि संमतीकडेच आहे. ह्या दोन्ही गोष्टी नाकारणाऱ्या संमेलनास पैसे कमी मिळतात हें आम्हीं पाहिलें आहे. तरी तीं नाकारावींच.

एका मोठ्या एकत्र कुटुंबांतील काकूंचें पत्र आलें आहे, त्यांतील मजकूर ह्याच विषयाचा आहे. त्यांच्या पुतण्यानें अशाच एका संमेलनासाठीं सभागृहाची अनामत म्हणून 40,000 रुपये आपल्या पदरचे भरले. कबूल झालेला आश्रयदाता मागें सरला. आणि आतां उरलेली रक्कम घरच्या सामाईक पैशांतून द्यावी काय, ह्यावर घरांत दोन तट पडले आहेत. आजोबांचें म्हणणें, आपल्या घराण्यांत आजवर कोणी दारोदार मागावयास गेलें नाहीं. आजोबांचा मान राखून आम्ही एवढेंच म्हणतों कीं, अण्णासाहेब कर्वे आश्रमासाठीं अशाच पुष्कळ दारांशीं उभे राहिले होते, आणि त्यांना दारांत पाहिलें याचा अभिमान सांगणारीं घरें पुण्यांत आजहि आहेत. पैशाविषयीं मात्र आमचें उत्तर निराळें आहे. घरच्या पैशांतून संमेलन भरवूं नये. घराचा पैसा मुलींच्या शिक्षणाचा, वृद्धांच्या औषधाचा. तो एका सभागृहावर लागला तर पुतण्यास पुढील जन्मभर घरांत मान वर करतां यावयाची नाहीं. काकूंनीं त्याला एकच विचारावें: पावती कोणाच्या नांवें आहे? स्वतःच्या नांवें असेल तर नुकसानहि त्याच्याच नांवें. नोंदलेल्या संस्थेच्या छत्राखालीं गेल्यावांचून कोणींहि एक पैची अनामत भरूं नये. पायथॉनवाल्यांची भारतांत नोंदलेली सोसायटी आहे. फॉस युनायटेड हें प्रतिष्ठान मुक्त सॉफ्टवेअरच्या संमेलनांना व मेळाव्यांना साह्य करतें. त्याच्या उभारणींत मुंबईच्या फ्रापे व बंगळुरच्या झेरोधा ह्या कंपन्यांचा हात आहे. ह्याच झेरोधानें 2024 सालीं मुक्त सॉफ्टवेअर रचणाऱ्यांसाठीं वर्षास 10 लाख डॉलरचा निधि जाहीर केला, तेव्हां देणारा हात ह्या देशांत नाहींच असें कोणी म्हणूं नये.

घरानें करण्यासारखें कांहींच नाहीं काय? आहे. परगांवच्या दोन विद्यार्थ्यांना तीन रात्रीं घरीं उतरवून घ्यावें. राहण्याचा खर्च हा अशा संमेलनांत सभागृहाच्या खालोखाल असतो, आणि वाड्यांत एक खोली बहुधा रिकामी असतेच. (काकूंच्या हातचा साधा वरणभात उपाहारगृहांतील जेवणापेक्षां पाहुण्यांच्या अधिक लक्षांत राहील, हें निराळें सांगावयास नको.) ज्या घरांत स्वतःचा लहान व्यवसाय आहे, छापखाना, औषधाचें दुकान, हिशेबतपासणीची कचेरी, त्यांनीं आपल्या संगणकांवर मुक्त सॉफ्टवेअर किती चालतें तें एकदां मोजावें आणि त्याच्या बदल्यांत दहा हजारांची पायरी घ्यावी. एका बड्या कंपनीच्या पांच लाखांपेक्षां अशा पन्नास पायऱ्या आम्ही अधिक भरंवशाच्या समजतों, कारण पन्नासांतील तिघे मागें सरले तरी मंडप उभा राहतो. आणि जे स्वतः ह्या व्यवसायांत उत्तम वेतन घेतात, त्यांनीं सवलतीचें तिकीट मागूं नये. पुरें शुल्क भरावें, व जमल्यास एका विद्यार्थ्याचेंहि भरावें.

पुतण्यासाठीं आणखी एक व्यवहाराची गोष्ट. तोंडी होकार हा होकार नव्हे. लेखी पत्र व मागणीचा क्रमांक हातीं आल्यावरच आकडा वहींत मांडावा, आणि बिल दिल्यापासून पैसा येण्यास दोन-तीन महिने लागतात हें गृहीत धरावें. बहुतेक कंपन्यांचें वर्ष 31 मार्चला संपतें व पुढील वर्षाच्या खर्चाचे आंकडे त्याच्या आधींच ठरलेले असतात. डिसेंबरांत संमेलन असेल तर पहिलें पत्र फेब्रुवारींत गेलेलें बरें. दिवाळीनंतर गेलेल्या पत्रास "पुढील वर्षीं पाहूं" हेंच उत्तर येतें.