डॅशहुंड अचानक मागचे पाय ओढायला का लागतो?

२०२४ च्या सुरुवातीला जर्मनीत एक बातमी जोरात फिरली, की आता डॅशहुंडवर बंदी येणार. ज्या देशानं १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकला 'वाल्डी' नावाचा डॅशहुंडच शुभंकर म्हणून निवडला, तिथं असली बातमी पेटणारच. प्रत्यक्षात सरकारच्या मसुद्यात या जातीवर बंदी नव्हती. हाडांच्या दोषामुळे प्राण्याला त्रास होणार असेल तर तशी पैदास करू नये, एवढंच होतं. त्यात आखूड पायही मोडतील, अशी भीती तिथल्या श्वान संघटनेला वाटली. नोव्हेंबरमध्ये सरकारच कोसळलं आणि कायदा बारगळला.

डॅशहुंडच्या पाठीचं दुखणं मात्र तसंच राहिलं. साधारण पाचातल्या एका डॅशहुंडला कधी ना कधी मणक्याच्या चकतीचा आजार होतो.

दोन मणक्यांमध्ये चकती असते. तिचा गाभा जेलीसारखा मऊ असतो. आखूड पायांच्या जातींमध्ये तो लहानपणीच सुकतो, त्यात कॅल्शियम साचतं. मग सोफ्यावरून मारलेली एक साधी उडीही पुरते. चकती फुटते आणि गाभा थेट मज्जारज्जूवर आदळतो.

आता निदान. एक्स-रेमध्ये मज्जारज्जू दिसत नाही. त्यामुळे "एक्स-रे नॉर्मल आहे" एवढ्यावर निर्धास्त होऊ नका. नेमकी जागा कळते ती एमआरआयमध्ये, काही वेळा सीटी स्कॅनमध्ये.

पण सगळ्यात मोठा निर्णय ठरतो तो एका फुकटच्या तपासणीवर. डॉक्टर मागच्या पायाचं बोट चिमट्यानं जोरात दाबतात. कुत्र्यानं पाय मागे घेतला की मालक खूश होतात. इथंच फसगत होते. पाय आखडणं ही प्रतिक्षिप्त क्रिया आहे, ती मेंदूला न कळताही होते. कुत्रा वळून बघतो का, केकाटतो का, चावायला येतो का, हे महत्त्वाचं. पाय लुळे पडलेत पण वेदना कळतेय, अशा कुत्र्यांपैकी जवळपास ९० टक्के शस्त्रक्रियेनंतर पुन्हा चालतात. वेदनाच कळत नसेल तर हे प्रमाण ५० ते ६० टक्क्यांवर येतं. म्हणून चालता न येणारा कुत्रा 'सोमवारी दाखवू' म्हणून ठेवायचा नसतो.

नुसती पाठ दुखतेय, चाल थोडी डगमगतेय, अशा वेळी बऱ्याचदा शस्त्रक्रिया लागत नाही. लागतो तो किमान चार आठवडे पिंजऱ्यातला आराम, फक्त शी-शूपुरतं पट्ट्यानं बाहेर. ऐकायला सोपं आहे. पण वेदनाशामक लागू पडलं की तिसऱ्या दिवशी कुत्रा उड्या मारायला बघतो, रडतो, आणि घरातलं कुणीतरी विरघळतं. बरी होत आलेली चकती अशानंच पुन्हा दगा देते. आणि हो, घरातली आयबुप्रोफेन किंवा पॅरासिटामॉल स्वतःच्या मनानं अजिबात देऊ नका. कुत्र्यांसाठी ती विषारी ठरू शकते.

राहिला पैदाशीचा मुद्दा. २०१७ मध्ये संशोधकांनी या आजाराशी जोडलेला जनुकीय बदल शोधला. अडचण अशी, की बहुतेक सगळ्या डॅशहुंडमध्ये तो आहे. तो असलेले कुत्रे वगळायचे म्हटले तर जातच उरणार नाही. म्हणून डेन्मार्क, फिनलंडसारख्या देशांत वेगळी वाट धरलीय. पैदाशीआधी, दोन ते चार वर्षांच्या वयात, पाठीचा एक्स-रे काढून कॅल्शियम साचलेल्या चकत्या मोजतात. कमी चकत्या, तर पिल्लं.