ऑइल म्हणू नका!

'ब्रेक ऑइल' आणि 'क्लच ऑइल' हे दोन शब्द मराठीतून हद्दपार करावेत असं माझं स्पष्ट मत आहे. भाषाशुद्धीसाठी नाही हो, ते काम करायला पुष्कळ लोक आहेत. ह्या शब्दांमुळे रबरं फुगतात, ब्रेक धरून बसतात आणि माणसं पडतात, म्हणून.

विषय निघाला ट्रायल्स बाईकवरून. ज्यांना ट्रायल्स माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: वेग शून्य, कसब शंभर. सत्तर किलोच्या आसपासची गाडी, बसायला सीट जवळजवळ नाहीच. खडक, ओंडके, नाले यांच्यावरून पाय न टेकता जायचं. पाय टेकला की गुण कापले. माँटेसा, गॅसगॅस, बीटा ही त्यातली नावं. आपल्याकडच्या शोरूममध्ये सहसा दिसायची नाहीत. सालेकसा तालुक्यातल्या दरेकसा, हाजरा फॉल भागातल्या खडकांचे माझे फोटो बघून आमच्या पुण्याच्या ऑफिसातल्या मंडळींना मात्र अंगात येतं. (त्याच डोंगरात कचारगड आहे. माघ पौर्णिमेला गोंड बांधवांची मोठी जत्रा भरते. तिथे चाकं नाचवायला जाऊ नका, ही आधीच सूचना.) मग पहिला प्रश्न ठरलेला: "हायड्रॉलिक क्लचमध्ये सगळ्यात भारी ऑइल कुठलं टाकायचं?"

प्रश्नातच दोन घोटाळे आहेत. एक 'भारी', दुसरा 'ऑइल'.

ट्रायल्समध्ये सगळा खेळ क्लचवर, तोही एका बोटाने. लीव्हर दाबला की वरच्या मास्टर सिलिंडरमधला द्रव नळीतून खाली स्लेव्ह सिलिंडरला ढकलतो. आत सील कशाचं आहे त्यावर द्रव ठरतो. काही गाड्यांत मिनरल ऑइल चालतं, तिथलं सील नायट्राइल रबराचं. मागुराचे अनेक क्लच ह्या जातीचे. काही गाड्यांत डॉट ४, म्हणजे ग्लायकॉल जातीचं ब्रेक फ्लुइड, तिथलं सील ईपीडीएम रबराचं. ईपीडीएमला खनिज तेल लागलं की ते भिजवलेल्या चण्यासारखं फुगतं. नायट्राइलला ग्लायकॉल सोसत नाही. फुगलेलं सील मास्टर सिलिंडरमधलं परतीचं बारीक भोक बुजवतं, दाब सुटत नाही, क्लच स्लिप होत राहतो. उलट बाजूने सील गळायला लागलं, की लीव्हर ढिला पडतो आणि खडकाच्या टोकावर क्लच सुटायच्या ऐवजी गाडी तुम्हाला घेऊन पुढे झेपावते.

म्हणजे 'कुठलं चांगलं' हा प्रश्नच नाही. झाकणावर काय कोरलंय ते वाचा. तेच टाका. संपलं!

पण नाही. आपली शहरी जमात आकडा मोठा तर माल चांगला ह्या हिशोबाने जाते. त्यातून आपण सॉफ्टवेअरवाले. डॉट ५.१ बघितलं की वाटतं, हे डॉट ५ चं मायनर रिलीज, किरकोळ बग फिक्स करून आलेलं. साफ चूक. डॉट ५ म्हणजे सिलिकोन. डॉट ५.१ म्हणजे पुन्हा ग्लायकॉल, ३ आणि ४ चाच भाऊबंद. व्हर्जन नंबर देणाऱ्या त्या अमेरिकन बाबूंना आमच्या टीममध्ये एक दिवस टिकू दिलं नसतं. नवं कोरं असताना डॉट ३ किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, डॉट ४ २३० पर्यंत, ५.१ २६० पर्यंत. हे आकडे सगळे पाठ करतात. त्यांच्या शेजारचा दुसरा रकाना कोणी वाचत नाही: पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी शोषलं की तेच आकडे १४०, १५५ आणि १८० वर येतात. ग्लायकॉल हवेतली ओल पितं. आणि आमचा जिल्हा धानाचा! पावसाळ्याचे चार महिने पापडसुद्धा कडक राहत नाही, तिथे फळीवर झाकण अर्धवट लावून ठेवलेल्या बाटलीचं काय होत असेल? वर मे महिन्यात पारा पंचेचाळीसला. उकळलं की बुडबुडे, आणि बुडबुडा दाबला तर फक्त दबतो, पुढे काही ढकलत नाही. जुन्या बाटलीतल्या ५.१ पेक्षा सीलबंद डॉट ४ कधीही बरं.

आता म्हणाल, ट्रायल्स बाईक आहेच कोणाकडे? बरोबर. एक्सपल्स आणि हिमालयनचा क्लचसुद्धा केबलवर चालतो. पण पुढचा डिस्क ब्रेक? त्यात हेच फ्लुइड, हेच ईपीडीएम. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं, म्हणजे डिस्क आलीच. आज देवरी, आमगाव, अर्जुनी मोरगाव, कुठेही जा, दुधाचे कॅन लावलेल्या गाडीलासुद्धा पुढे डिस्क दिसते. तंत्र गावात पोचलं, झाकणावरची सूचना मात्र इंग्रजीत राहिली, आणि 'ऑइल' हा शब्द तिच्या आधीच येऊन बसला होता.

माझ्या आतेभावाच्या दीडशे सीसी गाडीत एका मिस्त्रीने ब्रेकची टाकी कमी दिसली म्हणून शॉकअपचं तेल टॉप-अप केलं. "तेल तेलच असते भाऊ, काई नाई होत." पंधरा दिवसांत पुढचं चाक धरायला लागलं, डिस्क चटका बसेल इतकी तापली. कोहमाऱ्याच्या पुढे हायवेवर, मागून ट्रक येत असताना, चाक जाम. तो वाचला. मास्टर सिलिंडर, कॅलिपरची सगळी रबरं आणि नळी, सगळं नवं घालावं लागलं, कारण एकदा खनिज तेल लागलं की नुसतं धुऊन भागत नाही. धुवायला पुन्हा पेट्रोल घेतात हा वेगळाच विनोद. पेट्रोलही ईपीडीएमचं तेच करतं.

मिस्त्रीला शिव्या घालायच्या मी विरोधात आहे. त्याने शब्दावर विश्वास ठेवला. इंजिनचं ऑइल, शॉकअपचं ऑइल, ब्रेकचं ऑइल. तीन सख्खे भाऊ वाटणारच! ऑनलाइन दुकानंसुद्धा 'ब्रेक ऑइल' म्हणूनच विकतात. आणि वीकएंडला महागडी सायकल चालवणाऱ्यांनी जास्त हसू नये. शिमानोच्या ब्रेकमध्ये मिनरल ऑइल आणि स्रामच्या बहुतेक जुन्या ब्रेकमध्ये डॉट, हे तुमच्यातल्या किती जणांना माहीत आहे?

तेव्हा मंडळी, फ्लुइड म्हणा. मराठीचा अभिमान असेल तर द्रव म्हणा, मिस्त्री हसेल, हसू द्या. बाटली छोटी घ्या, समोर सील फोडायला लावा, उरलेलं पुढच्या वर्षासाठी जपून ठेवू नका. दर दोन वर्षांनी सगळं बदला. हॉटेलातल्या दोन कॉफींच्या पैशांत होतं. सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, ग्लायकॉल रंग खातं. आणि गावाकडे सुट्टीला जाल तेव्हा घरच्या गाडीचं झाकण पुसून त्यावरचं इंग्रजी तेवढं वाचून दाखवा, जमलं तर ऑइलपेंटने मराठीत बाजूला लिहून या. हो, तिथे ऑइल चालेल.