प्रशिक्षकाची वही

स्मरणिकेतील क्रीडा विभागाचे पान म्हणजे बहुधा ढाली आणि करंडकांची यादी. ती असावीच, मुलांच्या घामाची ती नोंद आहे. परंतु त्या वर्षात प्रशिक्षक स्वतः काय शिकला, याची नोंद कुठल्याच पानावर नसते. निवासी शाळेत तरी ती असावी, असे माझे स्पष्ट मत आहे. घरून ये-जा करणारा मुलगा संध्याकाळी दुसऱ्या मैदानावर जाऊ शकतो. वसतिगृहातील मुलाला मैदान एक आणि प्रशिक्षकही एकच. तो जिथे थांबला, तिथे मुलाचा खेळ थांबतो.

हे मी स्वतःच्या चुकीवरून लिहितो. विद्यार्थिदशेत शिकलेला बास्केटबॉल मी एका शाळेत कित्येक वर्षे तसाच शिकवला. २००० मध्ये आंतरराष्ट्रीय नियम बदलले. २० मिनिटांच्या दोन अर्धांऐवजी १० मिनिटांचे चार भाग झाले, आक्रमणासाठी ३० ऐवजी २४ सेकंद उरले आणि मागच्या अर्ध्या मैदानातून चेंडू पुढे नेण्यास १० ऐवजी ८. मी ऐकले होते; पण दोन सेकंदांनी काय बिघडते, असे समजून सराव बदलला नाही. एका सामन्यात पंचांची शिट्टी वाजली, तेव्हा आमचा संघनायक चेंडू हातात धरून माझ्याकडे पाहत राहिला. अजून वेळ आहे, असे मीच त्याला शिकवले होते. त्याच्यावर ओरडलोही मीच.

पुढे जॉन वूडन यांच्याविषयी वाचनात आले. लॉस एंजेलिसच्या यूसीएलए या विद्यापीठाचे प्रशिक्षकपद त्यांनी १९४८ मध्ये स्वीकारले आणि १९६४ ते १९७५ या बारा हंगामांत दहा राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली. लोक दहाचा आकडा सांगतात. मला त्याआधीचे विजेतेपदाविना गेलेले पंधरा हंगाम अधिक मोलाचे वाटतात. दोन तासांच्या सरावाची आखणी करण्यास ते सहायकांसह जवळजवळ तेवढाच वेळ देत. कोणता सराव किती मिनिटे, हे कार्डावर लिहीत आणि जुन्या नोंदी जपून पुढच्या वर्षी चाळीत. हंगाम संपला की एकच विषय, उदाहरणार्थ फ्री थ्रो, निवडून त्यावर वाचन करीत व इतर प्रशिक्षकांना विचारीत. १९६४ च्या यशात मोठा वाटा असलेला, मैदानभर प्रतिस्पर्ध्याला दाबून धरणारा बचाव त्यांनी जेरी नॉर्मन या सहायकाच्या आग्रहावरून स्वीकारला. नॉर्मन हे त्यांचेच जुने खेळाडू होते.

१९७४-७५ च्या हंगामात रोलँड थार्प व रोनाल्ड गॅलिमोर या दोन मानसशास्त्रज्ञांनी वूडन यांचे सराव पाहून २,३२६ शिक्षणकृती नोंदवल्या. त्यांतील सुमारे तीन चतुर्थांश निव्वळ माहितीच्या होत्या: काय करायचे, कसे करायचे. स्तुती आणि नाराजी प्रत्येकी सात टक्क्यांच्या आसपास. हे वाचून मी घोटा दुखावलेल्या एका मुलाला वही देऊन कडेला बसवले आणि माझी वाक्ये लिहायला सांगितली. ‘जोरात!’ हा शब्द इतक्या वेळा आला होता की, पहिल्या पानानंतर त्याने नुसत्या रेघा मारल्या होत्या. त्या दिवसापासून मी स्वतःची वही ठेवू लागलो.

वहीला खर्च नाही, वेळ मात्र लागतो. आपल्याकडे क्रीडाशिक्षकाच्या माथी वसतिगृहाची हजेरी, भांडाराचा हिशेब आणि संमेलनाचा मंडपही असतो. वर पालक व व्यवस्थापन दोघेही एकच विचारतात, ‘यंदा ढाल आली का?’ या प्रश्नाला भिऊन प्रशिक्षक ओळखीचे तेच पुन्हा गिरवतो. नवे करून पाहण्याची जोखीम कोण घेईल? व्यवस्थापनाने त्याला आठवड्यातून दोन तास अभ्यासासाठी मोकळे द्यावेत आणि वर्षअखेरीस करंडकाआधी वही मागावी. काहींना हे अति वाटेल. गणिताच्या शिक्षकाकडून टाचणवही मागताना ते वाटत नाही.

महाविद्यालयीन संघांतून खेळणारे माजी विद्यार्थी मेळाव्याला येतात, मुलांबरोबर एखादा सामना खेळतात, छायाचित्रे काढतात आणि परततात. सध्या कोणता बचाव शिकवला जातो, पंच कशावर शिट्टी वाजवतात, हे त्यांना आमच्याहून ताजे ठाऊक असते. निघण्यापूर्वी त्यांनी दहा मिनिटे प्रशिक्षकाजवळही थांबावे. आपल्या गुरूला सांगायचे कसे, असा संकोच त्यांनी धरू नये. वही उघडून बसण्याचे काम आमचे.