केडगावची विपुलता

यंदा ५ एप्रिलला पुनरुत्थानाचा रविवार आणि पंडिता रमाबाईंचा स्मृतिदिन एकत्र आले आहेत. १९२२ साली रमाबाई गेल्या तेव्हा उपवासकाळ चालू होता. त्या वर्षीचा ईस्टर १६ एप्रिलला होता, तो त्यांना पाहायला मिळाला नाही. आज मात्र पहाटेच्या उपासनेला जमलेल्या मंडळीला दोन्ही आठवणी एकाच दिवशी करता येतील.

ईस्टरच्या उपदेशात ‘विपुल जीवन’ हा विषय हमखास निघतो. योहानाच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात येशू स्वतःला मेंढपाळ म्हणवतो आणि आपण मेंढरांना भरभरून जीवन देण्यासाठी आलो आहोत असे सांगतो. हे वचन आपल्याकडे घरोघरी कॅलेंडरवर आणि सकाळच्या व्हॉट्सॲप संदेशात असते. त्याला लागूनच पुढे तो म्हणतो की उत्तम मेंढपाळ मेंढरांसाठी आपला प्राण देतो. ते बहुधा कॅलेंडरवर छापले जात नाही.

साक्षीच्या वेळी उठणाऱ्यांचे ऐकले तर मुलाचा व्हिसा, मुलीचे जमलेले लग्न, पिंपरीतला फ्लॅट, अडकलेली बढती हेच विषय पुन्हा पुन्हा येतात. यात हसण्यासारखे काही नाही. ज्याच्या घरात महिनाअखेरीला तेल संपते त्याने देवाकडे तेल मागावे. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेतही रोजची भाकर आहेच. पण अलीकडे मोठाल्या मैदानांवरच्या सभांतून जे शिकवले जाते त्याची तऱ्हा निराळी आहे. तिथे पैसा आणि प्रकृती हाच देवाच्या जवळिकीचा पुरावा ठरतो. ज्याला ही दोन्ही मिळाली नाहीत, त्याच्या विश्वासातच खोट काढली जाते. कर्करोगाने खंगलेल्या बाईला तिचा विश्वास कमी पडतो असे सांगणाऱ्या उपदेशकाला आम्ही तरी मेंढपाळ म्हणणार नाही.

या मापाने रमाबाईंचे आयुष्य मोजायला घेतले तर पहिल्याच पानावर हिशेब चुकतो. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा विरोध पत्करून पत्नीला संस्कृत शिकवले आणि तिने मुलीला. पुराणे सांगत तीर्थक्षेत्रे फिरणारे हे कुटुंब १८७०च्या दशकातल्या दुष्काळात सापडले. आई, वडील आणि थोरली बहीण एकामागोमाग गेली. मग कलकत्त्याला मिळालेला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ हा मान. मग भाऊ गेला. बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी लग्न झाले आणि दोन वर्षांच्या आत, फेब्रुवारी १८८२मध्ये, तेही पटकीने गेले. तेवीस वर्षांची विधवा आणि कडेवर मनोरमा.

सप्टेंबर १८८३मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. इथे आपल्या सवयीच्या साक्षीला शेवट सापडला असता: अंधारातून प्रकाशात, आमेन. रमाबाईंनी तसे केले नाही. १९०७मध्ये लिहिलेल्या साक्षीत त्या सांगतात की बाप्तिस्म्यानंतर कितीतरी वर्षे त्यांच्याकडे ख्रिस्ती धर्म होता, खुद्द ख्रिस्त मात्र नव्हता. तो गवसायला आठ वर्षे गेली. संस्कृत विद्येत मुरलेल्या, बायबल मन लावून वाचणाऱ्या बाईने हे लिहावे याचे मोल मोठे आहे. देवाविषयीची माहिती आणि देवाची संगत यांतले अंतर त्यांनी स्वतःच्या अंगावर मोजले होते.

मधली आठ वर्षे वाया गेली असेही नाही. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डाइन त्यांच्या आध्यात्मिक गुरू. त्यांच्याशी रमाबाईंनी त्रैक्यापासून मठाच्या शिस्तीपर्यंत जो पत्रव्यवहार केला तो विदुषीला शोभेल इतका हुज्जतखोर आहे. आपली सदसद्विवेकबुद्धी कुणा बिशपच्या हाती देण्याची त्यांची तयारी नव्हती. ही पत्रे १९७७ साली पुस्तकरूपाने आली. प्रश्न विचारणाऱ्या तरुणाला ‘विश्वासात कच्चा’ म्हणून गप्प बसवणाऱ्या पाळकांनी ती जरूर वाचावीत. रमाबाई देवाजवळ पोहोचल्या त्या भांडत भांडत.

आणि जवळ पोहोचल्यावर काय झाले? सुख लागले म्हणावे तर तसे दिसत नाही. १८८९ साली मुंबईत सुरू करून पुढे पुण्याला आणलेल्या शारदा सदन या त्यांच्या शाळेत मुली बाईंच्या प्रार्थनेला बसतात यावरून गदारोळ उठला. १८९३मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांनीही सल्लागार मंडळ सोडले. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. ज्या पुण्याने दहा-अकरा वर्षांपूर्वी त्यांना डोक्यावर घेतले होते त्याने पाठ फिरवली. पालकांची शंका सर्वस्वी खोटी होती असे आम्ही म्हणणार नाही. शाळेत धर्माची ढवळाढवळ होणार नाही हा भरवसा त्यांना दिला गेला होता, आणि दार उघडे ठेवून केलेली प्रार्थना त्या भरवशात बसते की नाही यावर प्रामाणिक माणसांचे मतभेद होऊ शकत होते. पण प्रार्थना लपवून करायला रमाबाई तयार झाल्या नाहीत आणि त्याची किंमत त्यांनी मोजली.

मग १८९६चा दुष्काळ आला. मध्य प्रांतात माणसे उपाशी मरताहेत हे कळल्यावर त्या स्वतः तिकडे गेल्या. भुकेने आपले घर रिकामे केल्याची आठवण असलेली बाई होती ती. वर्तमानपत्र वाचून हळहळणे तिला पुरले नाही. शेकडो मुली आणि बाया त्यांनी बरोबर आणल्या. पुण्यात प्लेगचा कहर, म्हणून वस्ती केडगावच्या माळावर हलली. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर तिथे दीड हजारांहून अधिक बायका-मुली राहत होत्या. इतक्या तोंडांना रोज अन्न हवे, म्हणून शेती आली, विहिरी आल्या. हाताला काम हवे, म्हणून विणकाम आणि तेलघाणा आला. फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन उभे राहिले. अंध मुलींना ब्रेल शिकवण्याची सोय झाली आणि छापखान्यात खिळे जुळवायला बायकाच बसल्या. आणलेल्या सगळ्याच जगल्या नाहीत. दुष्काळाने पोखरलेली शरीरे केडगावला येऊनही गेली. विपुल जीवनाचा अर्थ शोधणाऱ्याने त्या माळावरच्या स्वयंपाकघराचा आणि कब्रस्तानाचा, दोन्हींचा विचार करावा.

१९०५ साली केडगावला संजीवन झाले. मुली रडत पापे कबूल करू लागल्या, तासन्‌तास प्रार्थना चालू लागल्या. त्या घटनांविषयी आजही जगभर लिहिले जाते, विशेषतः अन्य भाषा बोलण्याच्या अनुभवाविषयी. आमचे मन त्यापेक्षा एका साध्या गोष्टीकडे जाते. त्या दिवसांतही सगळ्यांची जेवणे व्हायची होती, गुरांना चारा घालायचा होता, आजारी मुलींपाशी कुणीतरी जागायचे होते. प्रार्थनेत इतका वेळ देणारी संस्था कामातही इतकी जुंपलेली असावी, हे आपल्या नेहमीच्या विभागणीत बसत नाही. आपण मंडळीत काही माणसे प्रार्थनेची ठरवतो आणि काही कमिटीची.

रमाबाईंना ऐकू कमी यायचे. इंग्लंडला त्या वैद्यक शिकायला गेल्या होत्या, ते या बहिरेपणामुळेच राहिले. मेंढरे मेंढपाळाचा आवाज ओळखतात असे तोच दहावा अध्याय सांगतो. ज्या बाईला समोरच्याचे बोलणेही नीट ऐकू येत नव्हते, तिने उतारवयात हिब्रू आणि ग्रीक मजकुराला डोळे लावून अख्खे बायबल खेड्यातल्या बायकांना समजेल अशा मराठीत आणले. रोज काही ओव्या म्हणाव्यात तसे रोजचे काम, वर्षानुवर्षे. देवाशी जवळीक म्हणजे एखाद्या सभेत दाटून आलेला गळा असे समजणाऱ्यांनी शब्दकोश, व्याकरण आणि मुद्रितांच्या या ढिगाकडेही पाहावे.

जुलै १९२१मध्ये मनोरमा गेली. कामाची वारसदार म्हणून घडवलेली एकुलती एक मुलगी. त्यानंतर नऊ महिन्यांच्या आत रमाबाईही गेल्या. संपूर्ण बायबल छापून बाहेर पडले ते १९२४ साली, त्यांच्या मागे. नवरा नाही, मूल नाही, स्वतःच्या समाजात मान नाही, हातातले पुस्तक छापून आलेले नाही. साक्षीच्या वेळी सांगण्यासारखे त्या शेवटच्या वर्षात काय होते? तरीही मराठी ख्रिस्ती समाजात विपुल जीवन जगलेले माणूस दाखवा म्हटले तर आम्ही आधी केडगावकडेच बोट दाखवू.

उन्हाळ्यात अनेक मंडळ्यांच्या वार्षिक सभा होतील. अंदाजपत्रकात नवा ध्वनिक्षेपक, कब्रस्तानाची भिंत, पार्सोनेजची डागडुजी आणि नाताळचा मंडप हे सारे येईल, यायलाही हवे. त्याच सभेत कुणीतरी उठून विचारावे की गेल्या वर्षी आपल्या अर्पणातून मंडळीबाहेरची किती माणसे जेवली, किती मुलींची फी भरली गेली, आणि त्यातल्या किती जणींची नावे आपल्याला ठाऊक आहेत. उत्तर सभेच्या इतिवृत्तात लिहून ठेवावे, म्हणजे पुढच्या ईस्टरला ते वाचून दाखवता येईल.